तलफ एकट्याची नसते

उर्दूत दोन शब्द आहेत, तलब आणि तलफ. तलब म्हणजे मागणी, ओढ. तलफ म्हणजे नासाडी, नाश. मराठीत मात्र ओढीलाच तलफ म्हणतात. चहाची तलफ, विडीची तलफ. तलबचा आणखी एक जुना अर्थ आहे, तो पगार. शिपायाची तलब म्हणजे त्याच्या नोकरीचा मोबदला. आमच्या भंडारा जिल्ह्याचे आणि तंबाखूचे नाते सांगायचे तर हे तिन्ही अर्थ लागतात. इथे तंबाखूने ओढ लावली, पगार दिला आणि नासाडीही केली.

आज बोलायचे आहे ते वीस-पंचविशीतल्या मुलामुलींविषयी. यातली काही जण खर्रा सोडू पाहतात. काही जण शिकायला किंवा नोकरीला नागपूर-पुण्याकडे जातात आणि तिथे व्हेप नावाच्या वस्तूच्या नादी लागतात. दिसायला ती पेनासारखी किंवा छोट्या डबीसारखी असते. आत बॅटरी असते आणि निकोटिन मिसळलेला द्रव असतो. तो तापला की वाफ होते आणि ती वाफ छातीत ओढायची. राख नाही, काडी नाही, कपड्यांना फारसा वासही नाही. ही मुले सोडायचे ठरवतात, चार दिवस सोडतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा हात तिकडे जातो. मग घरचे म्हणतात, मनाचा निग्रह नाही. मुलालाही ते पटते. या निग्रहाच्या गोष्टीचा इतिहास जरा तपासून पाहिला पाहिजे.

तंबाखू जगभर पसरला तो औषध म्हणून. पोर्तुगालमधला फ्रान्सचा वकील जाँ निको याने १५६० साली तो औषधी वनस्पती म्हणून फ्रान्सच्या राजदरबारी पाठवला. त्याच्याच नावावरून पुढे निकोटिन हे नाव पडले. आपल्या देशात तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आला आणि आधी दख्खनेत रुजला. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि परतताना नजराण्यासोबत जडावाचा हुक्का घेऊन गेला. ही १६०४-०५ च्या सुमाराची हकिकत असद बेगने स्वतः लिहून ठेवली आहे. बादशहाने विचारले, हे काय आहे? तेव्हा खान-ए-आझमने सांगितले, हा तंबाखू, मक्का-मदिनेत माहीत असलेला, आणि हा आपल्यासाठी औषध म्हणून आणला आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. शाही हकीम अस्वस्थ झाला. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, न पारखलेली वस्तू आम्ही कशी देऊ, असे त्याचे म्हणणे. असद बेगने वाद घातला की प्रत्येक वस्तू कधीतरी नवीच असते. बादशहाने पुढे तो ओढला नाही. पण असद बेगने बरोबर आणलेला तंबाखू सरदारांना वाटला, सरदार आणखी मागू लागले आणि मग व्यापाऱ्यांनी तो विकायला सुरुवात केली.

या दरबारी गोष्टीत पुढच्या चारशे वर्षांचा नकाशा आहे. आधी औषध, मग प्रतिष्ठितांची हौस, मग बाजार. हकिमाचे म्हणणे बरोबर होते हे कळेपर्यंत बाजार उभा राहिलेला असतो.

बारा-तेरा वर्षांत राज्यकर्त्यांना चूक कळली. जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. बहुतेकांच्या प्रकृतीवर आणि मनावर त्याचा वाईट परिणाम होतो, असे कारण त्याने आपल्या आत्मचरित्रात दिले आहे. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्या राज्यात मनाई केली होती. पण जहांगीरचा वकील खान आलम इराणला गेला. त्याला घडीभर तंबाखूशिवाय राहवत नसे. शेवटी शाह अब्बासला त्याच्यापुरती सूट द्यावी लागली. हेही जहांगीरनेच लिहिले आहे. तुर्कस्तानचा सुलतान चौथा मुराद याने तर १६३३ साली बंदी मोडणाऱ्याला देहदंड ठेवला. तरी लोक ओढतच राहिले. बादशहाचा हुकूम आणि सुलतानाची तलवार जिथे थकली, तिथे एकट्या पोराच्या निग्रहाकडून आपण केवढी अपेक्षा करतो!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आज भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे आहेत, पण १ मे १९९९ पर्यंत हा एकच भंडारा जिल्हा होता. धानाची शेती, तलाव आणि जंगल. जंगलात तेंदूची झाडे. उन्हाळ्याच्या तोंडी, एप्रिल-मे महिन्यांत, अंधार असतानाच माणसे जंगलात शिरतात, कोवळी पाने तोडतात, घरी आणून त्यांचे पुडे बांधतात. याच पानाची बिडी होते. धानाचे काम संपल्यानंतर पावसाळा येईपर्यंत हातात रोख पैसा पडण्याचे हे मोठे साधन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात बिडीचा धंदा वाढला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने त्याला बळ दिले. विलायती सिगारेट टाकून देशी बिडी ओढणे हे देशप्रेमाचे काम झाले. म्हणजे इथेही तंबाखू एक चांगला वेश घेऊनच आला. गोंदियात बिडीचे मोठे कारखानदार उभे राहिले. त्यांतले मनोहरभाई पटेल यांनी पुढे गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि या मागास भागात शाळा-महाविद्यालये उभी केली. जिल्ह्यातल्या कित्येकांच्या शिक्षणामागे बिडीचा पैसा आहे. हे नाकारून तंबाखूवर बोलणे बेइमानीचे होईल.

पण वळणाऱ्या हातांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखूचा चुरा. पान भिजवायचे, मापाने कापायचे, चुरा भरून वळायचे, टोक मोडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. त्यातून खराब म्हणून बिड्या बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, ही ठेकेदारांची रीत. हे काम करणाऱ्यांत दलित, मुसलमान, कोष्टी, सगळ्या गरीब घरच्या बाया होत्या. बोटांची कातडी झिजायची, चुऱ्याने खोकला लागायचा आणि अंगणात खेळणारे पोर त्याच वासात मोठे व्हायचे.

या मजुरांसाठी उभे राहिलेले एक नाव विसरता कामा नये. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मण नगराळे, म्हणजेच एल. एन. हरदास. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे हरदास. ठेकेदारांच्या लुटीतून सोडवण्यासाठी त्यांनी बिडीचे काम सहकारी पद्धतीने सुरू केले. त्यांच्या मध्य प्रांत बिडी मजूर संघाचे काम नागपूर, भंडारा, चांदा भागात पसरले. १९३७ साली ते कायदेमंडळावर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीतच, क्षयाने गेले. बिडी मजुरांच्या हिताचा केंद्रीय कायदा व्हायला त्यानंतर १९६६ साल उजाडले.

मी हे इतके सांगतो याचे कारण आहे. ज्या घरात तंबाखू हीच तलब होती, म्हणजे पगार होता, त्या घरात तो वाईट आहे असे कोण कोणाला सांगणार? पोराने बापाच्या बंडलातून एक बिडी उचलली तर त्यात अपरिचित असे काहीच नव्हते. सवय हवेत होती. ती लागायला कुणाचा निग्रह कमी पडावा लागला नाही.

मग बिडी ओढणारी पिढी म्हातारी होत गेली आणि खर्रा आला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचे, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात याचाच भाऊबंद मावा. पानठेल्यावर मित्र भेटतात, एक पन्नी उघडते आणि चार हात पुढे येतात. खर्रा क्वचितच कोणी एकटा खातो. धूर नाही, वडिलांसमोर लपवायला सोपे आणि 'बिडीपेक्षा बरे' हा दिलासा. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी हळूहळू आखडते. पुढे तोंड नीट उघडत नाही, तिखट लागत नाही, घास मोठा घेता येत नाही. त्यातूनच पुढे काहींना कर्करोग होतो. हा आजार आता म्हाताऱ्यांचा राहिलेला नाही.

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे आढळले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के होते. चघळणारे आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली होती, तरीही हे आकडे. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांनी सांगितले की आम्ही सोडायचा विचार करतो आहोत किंवा तसे ठरवले आहे. म्हणजे दर दोन व्यसनी माणसांतला एक मनातून निघायला तयार आहे. इच्छा आहेच. वाट सापडत नाही.

व्हेपची कथाही औषधापासूनच सुरू होते. चीनचे औषधनिर्माते होन लिक स्वतः सिगारेट ओढत. त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. सिगारेटला कमी घातक पर्याय म्हणून त्यांनी २००३ साली विजेवर चालणारी सिगारेट तयार केली. हेतू वाईट नव्हता. जुन्या, वयस्क धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडायला तिचा उपयोग होतो, असे काही चांगले अभ्यासही सांगतात. पण बाजाराने ती वस्तू ज्यांनी कधी सिगारेटला हात लावला नव्हता अशा पोरांच्या हाती दिली. फळांचे स्वाद आले. निकोटिन क्षाराच्या रूपात मिसळल्याने घसा न जळता मोठी मात्रा छातीत जाऊ लागली. सोडण्यासाठी निघालेली वस्तूच आता सोडायची वस्तू झाली.

ती सोडणे कठीण का, हे समजून घ्यायला हवे. बिडी विझते. पन्नीतला खर्रा संपतो. तिथे एक थांबा असतो आणि त्या थांब्यावर माणूस मोजू शकतो, आज किती झाल्या. व्हेपला असा थांबा नाही. उशाशी असते, अभ्यासाच्या टेबलावर असते, दर पाच मिनिटांनी एक झुरका. दिवसभरात किती निकोटिन गेले हे त्या मुलाला स्वतःलाच माहीत नसते. ओढलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि कोवळ्या वयातला मेंदू ते धडे लवकर शिकतो. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, उदास वाटणे हे सगळे होते. पहिले काही दिवस सर्वांत अवघड, मग काही आठवड्यांत ते ओसरते. पण ते चार दिवस काढणाऱ्या मुलाला कोणी सांगितलेले नसते की हे होणार आहे आणि हे जाणार आहे. त्याला वाटते, आपणच बिघडलो.

दुसरी अडचण लपवाछपवीची. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाअखेर कायदा झाला. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आली. बंदी योग्यच आहे. नाहीतर पानठेल्यावर खर्ऱ्याशेजारी या डब्या टांगलेल्या दिसल्या असत्या. पण बंदीमुळे ज्याला सवय लागली आहे त्याचे तोंड आणखी मिटले. बाप विचारेल कुठून आणली. कॉलेज विचारेल कोणी दिली. खर्रा खाणाऱ्याची निदान टोळी असते, व्हेप ओढणारा चार भिंतींत एकटा असतो. आणि एकटाच सोडायला बघतो.

इथे मला रमजानची आठवण होते. दिवसाला दहा-वीस बिड्या ओढणारी माणसे रोजाच्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, तेरा-चौदा तास, एक झुरका घेत नाहीत. निग्रह नाही असे कोण म्हणेल? पण इफ्तार होते, खजूर खाल्ला जातो, पाणी पिऊन होते आणि अनेकांचा हात खिशाकडे जातो. आमचे हिंदू मित्र श्रावणाबद्दल असेच सांगतात. मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, शरीराला सोडता येते. दुसरी, दिवसभर सोडता येते कारण सगळा मोहल्ला त्या वेळी सोबत असतो. कोणी समोर बिडी पेटवत नाही, कोणी आग्रह करत नाही, सगळ्यांची वेळ एक असते. संध्याकाळी ती सोबत सुटते आणि माणूस पुन्हा आपल्या सवयीबरोबर एकटा राहतो.

विदर्भाला ही सोबतीची गोष्ट नवी नाही. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावोगाव व्यसनमुक्ती सांगितली ती एकेकट्याला गाठून उपदेश करत नव्हे. खंजिरी घेऊन, सामुदायिक प्रार्थनेला सारे गाव बसवून सांगितली. लाखांदूर ओलांडले की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने २०१६ साली 'मुक्तिपथ' हे काम सुरू झाले. त्यात गावाने ठराव करायचा, बायांनी विक्री थांबवायची आणि व्यसनी माणसाला उपचारही मिळायचे. दारू आणि तंबाखू हा साऱ्या गावाचा प्रश्न मानला गेला.

सातासमुद्रापार अमेरिकेतही संशोधकांच्या हाती अशीच गोष्ट लागली. तिथे व्हेप सोडू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मोबाइलवर संदेश पाठवण्याचा एक उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. रोज एखादा संदेश यायचा. काहींत धीर, काहींत तलफ आल्यावर काय करायचे याची युक्ती, काहींत सोडलेल्या इतर मुलांचे बोल. १८ ते २४ वयाच्या २,५८८ जणांवर त्याची चाचणी झाली. सात महिन्यांनी संदेश मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के व्हेपपासून दूर होते. न मिळालेल्यांत १८.६ टक्के. २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फरक डोळे दिपवणारा नाही. पण खर्च किती? एक संदेश. कोणीतरी विचारते आहे, एवढीच सोबत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत १६ ते २५ वयाच्या मुलांना समुपदेशनासोबत व्हेरेनिक्लिन हे औषध दिले. बारा आठवड्यांच्या शेवटी त्यांतल्या ५१ टक्क्यांनी व्हेप सोडले होते. समुपदेशन आणि नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. अर्थात हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे.

यातला एक आकडा मला घराघरांत सांगावासा वाटतो. संदेशांची मदत मिळूनही सात महिन्यांनी चारांतले तीन जण पूर्ण सुटलेले नव्हते. म्हणजे पहिल्या खेपेला न जमणे हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. तिसऱ्यांदा, पाचव्यांदा सोडणारा मुलगा खोटारडा नाही. तो त्याच रस्त्यावर पुढे चालला आहे. त्याने पुन्हा ओढली हे त्याने घरी येऊन सांगितले तर त्या सांगण्याची किंमत ओळखली पाहिजे. त्या वेळी आवाज चढवला तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, इतकेच होईल.

काय करता येईल, तेही सांगतो. तलफ बहुधा काही मिनिटांची असते. तेवढा वेळ कोणाशी बोलण्यात, दोन घोट पाण्यात, फाटकापर्यंत चालण्यात काढता येतो. ज्या पानठेल्यावर रोज उभे राहतो तो रस्ता काही आठवडे बदलावा. खर्ऱ्याची टोळी असेल तर टोळीतल्या दोघांनी मिळून सोडावे. निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, तो किती आणि किती दिवस चघळायचा हे डॉक्टरांना विचारावे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीची चौकशी करावी. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो २०१६ पासून सुरू आहे आणि तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो. ज्या पुडीवर घशाचे भयानक चित्र असते, त्याच पुडीवर हा क्रमांकही असतो. चित्र पाहून आपण नजर वळवतो आणि क्रमांक वाचायचा राहून जातो.

आणि ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना एकच विनंती. आज रात्री जेवताना त्याला विचारा, आजचा कितवा दिवस? दुसरा असेल तर दुसरा. उद्या पुन्हा विचारा.